जुन्या पीव्हीसी कार्पेटवर लॅमिनेट टाकायचंय? आधी खालचं बघा

आमचं घर बडोद्याला दांडिया बाजारात, दुसरा मजला, खाली मोझॅकच्या लाद्या आणि त्यावर बाबांनी फार पूर्वी चिकटवलेलं पीव्हीसी कार्पेट. फरशी फोडायची म्हणजे धूळ, आवाज, मलबा खाली उतरवायचा, म्हणून मी आणि भावाने त्याच्यावरच लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांची जमीन, टाकलं, दोन खोल्या, सगळं हाताने. जे कळलं ते लिहितोय.

सगळ्यात आधी हे, तुमचं घर तळमजल्यावर असेल आणि 2019 ला किंवा 2024 ला विश्वामित्री नदीचं पाणी आत आलं असेल तर लॅमिनेट नकोच. आतला गाभा लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा असतो, पाणी प्यायला की फुगतो आणि वाळल्यावरही परत पहिल्यासारखा होत नाही. तिथे टाइल्सच बऱ्या. बाथरूम, मोरी, तिथेही नाही.

आता खाली काय आहे ते. लादी, कोटा, टाइल्स चालतात, घट्ट चिकटलेलं पातळ पीव्हीसीही चालतं. पण अंगठ्याने दाबल्यावर दबतं असं फोमवालं असेल किंवा कापडी गालिचा असेल तर उपटूनच काढा, कारण लॅमिनेट खाली चिकटवत नाहीत, पट्ट्या एकमेकींत लॉक होऊन नुसत्या तरंगत असतात, खालचं मऊ असलं की प्रत्येक पावलाला लॉक वाकतो आणि एक दिवस तुटतो. आमच्याकडे खिडकीखाली कार्पेटला फुगे होते, तेवढा भाग कटरने कापला आणि लेव्हलिंग कंपाउंडने (खड्डे सपाट करायचा लेप) भरला. एक कोपरा उचलून नक्की बघा, खाली काळी बुरशी किंवा कुबट वास आला तर सगळं काढा आणि ओल कुठून येतेय ते आधी शोधा.

मग मिस्त्रीकडची दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी फिरवा. पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट नको, म्हणजे साधारण रुपयाची दोन नाणी एकावर एक. याला कंटाळू नका, पुढे पट्ट्या करकरतात त्या बहुतेक इथल्याच आळसाने. नुसती लादी असेल तर वर 0.2 मिमीचं प्लास्टिक, जोडावर 20 सेमी एकावर एक आणि टेप, त्यावर 2-3 मिमीचा फोम. काही पट्ट्यांना मागे फोम आधीच चिकटलेला येतो, मग दुसरा टाकायचा नाही.

माल 10 टक्के जास्त घ्या. हॉलला एसी4 ग्रेड घ्या, बेडरूमला एसी3 पुरतं (एसी म्हणजे वरचा थर झीज किती सोसतो त्याचं माप). खोके न उघडता त्याच खोलीत आडवे 48 तास ठेवा, हवेशी जमू द्या.

आणि गॅप! चारी भिंतींपाशी 8-10 मिमी, पाइप आणि चौकटीपाशीसुद्धा. पहिल्या खोलीत आम्ही भिंतींना गॅप ठेवला पण चौकटीला पट्टी अगदी भिडवून बसवली, छान दिसते म्हणून. फेब्रुवारीत सगळं मस्त होतं, जुलैत पावसाची दमट हवा आली आणि दारापासून आतपर्यंत जमीन उचलली गेली, पाय ठेवला की खाली-वर. चार ओळी उकलून परत बसवल्या. म्हणून आता चौकटच खालून कापतो, पट्टीचा एक तुकडा आणि फोम खाली ठेवायचा, त्यावर करवत आडवी टेकवून कापायचं, पट्टी आत सरकते आणि फट दिसत नाही.

पहिली ओळ टाकायच्या आधी हिशेब करा. समजा खोली 290 सेमी रुंद, दोन्हीकडचा गॅप वजा करून 288, पट्टी 19 ची, तर 15 ओळींनंतर 3 सेमी उरतात, ती चिंधी बसतच नाही. शेवटची ओळ 5 सेमीपेक्षा कमी येत असेल तर पहिली आणि शेवटची दोन्ही 11-11 च्या करा, मधे 14 पूर्ण. शेजारच्या ओळींच्या सांध्यांत किमान 30 सेमी अंतर ठेवा. जिगसॉने (विजेवरची छोटी करवत) कापताना डिझाइन खाली, हातकरवतीने कापताना वर, नाहीतर कडा कपच्या उडून खराब होते. हातोडी थेट मारू नका, मधे लाकडाचा ठोकळा धरा, शेवटची ओळ ओढून बसवायला वाकवलेली लोखंडी पट्टी लागते.

8 मिमी पट्टी आणि 2 मिमी फोम म्हणजे जमीन 1 सेमी वर आली, दार घासणार, आमची सागवानी दारं सुताराकडून आधीच खालून रंधवून घेतली. स्कर्टिंग भिंतीला ठोका, पट्टीला अजिबात नाही. भिंतीतलं फिक्स कपाट करायचं असेल तर ते आधी, लॅमिनेट त्याच्यापर्यंत आणून थांबवा.

पुसताना कपडा घट्ट पिळून, बादलीभर पाणी ओतून पोता मारायची सवय या खोल्यांपुरती सोडावी लागते, आईला दोन आठवडे लागले. उरलेल्या पाच-सहा पट्ट्या माळ्यावर आडव्या ठेवा, पुढे एखादी बदलायची झाली तर तोच शेड मिळेल याचा भरवसा नसतो.