जिवाणूंमुळे घसा धरल्यास घरी घ्यायची काळजी
स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे घसा सुजल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर त्यांनी दिलेली प्रतिजैविके, जी बहुधा १० दिवसांची असतात, ताप लवकर उतरला तरी शेवटच्या गोळीपर्यंत घ्यावीत; उपचार अर्धवट सोडल्यास पुढे संधिवाती ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते, म्हणून मुलांच्या बाबतीत तर मुळीच हयगय करू नये.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. आपल्या कोकणात आजाऱ्याला उकड्या तांदळाची मऊ पेज देतात, तिच्याइतके सोसवणारे दुसरे अन्न मला ठाऊक नाही. आंबट सोलकढी मात्र घसा निवळेपर्यंत टाळावी. औषध सुरू झाल्यावर निदान २४ तास मुलाला शाळेत पाठवू नये. लाळही गिळवेना किंवा श्वास अडू लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.