गाल भरताना या चुका टाळा: फिलर की स्वतःची चरबी?

"आजारी होतासा व्हय?" राजारामपुरीतल्या भाजीवालीनं विचारलं आणि मावशीची झोप उडाली. साखरेच्या भीतीनं वजन उतरवलं, तर गाल आत गेले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. पहिला प्रश्न: "स्वस्तात काय बसतंय?"

चूक इथंच होते. आधी विचारायचं ते, भरायचं किती आहे?

डॉक्टरांनी चहाचा चमचा मागवला आणि 1 मिलीची सिरिंज पाण्यानं भरून त्यात रिकामी केली. तळ जेमतेम ओला झाला. चमच्यात 5 मिली मावतं. डोळ्याखालची बारीक खळी असेल तर तेवढा फिलर, म्हणजे सुईनं टोचून भरायचं औषध, पुरतो. कानशिलं, गाल सगळंच ओसरलं असेल तर सिरिंजमागून सिरिंज लागते. शिवाय हायल्युरॉनिक ॲसिड या जेलसारख्या पदार्थाचा फिलर साधारण 6 ते 18 महिन्यांत विरतो, की पुन्हा खिशात हात. अशा वेळी पोटाची किंवा मांडीची चरबी काढून भरणं हिशेबात बसतं.

पण चरबी म्हणजे रोप लावणं. नव्या जागी रक्त पोचलं तेवढीच जगते, बाकीची शरीर शोषून घेतं, कधी निम्मीसुद्धा. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा सुजलेला असतो, खरा आकार 3 ते 6 महिन्यांनी कळतो. त्यामुळे लग्न पंधरा दिवसांवर असताना हे करू नका, आणि पहिल्या महिन्यात "जास्त भरलं" किंवा "सगळं गेलं" म्हणून रडूही नका. सिगारेट ओढणाऱ्यांची चरबी कमी टिकते.

वजन हलतं असतानाही घाई नको. गालात गेली तरी ती चरबीच. वजन वाढलं की फुगते, उतरलं की आटते.

बिघडलं तर? हायल्युरॉनिक ॲसिडची गाठ आली किंवा डोळ्याखाली निळसर झाक दिसली, तर हायल्युरोनिडेजचं इंजेक्शन देऊन ते विरघळवता येतं. बाकीच्या फिलरना आणि चरबीला ही सोय नाही. म्हणून कोणतं औषध भरलं त्याचं स्टिकर मागून घ्या, जपून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. मनानं बंद करू नका. पार्लरमधल्या, दाबानं फिलर आत मारणाऱ्या बिनसुईच्या पेनचा विषयच नको.

एका गोष्टीला मात्र सकाळची वाट पाहायची नाही. फिलर असो वा चरबी, टोचल्यावर कातडी पांढरी पडली, जाळीसारखे डाग उठले, कळ थांबेना किंवा नजर धूसर झाली, तर रक्तवाहिनी तुंबलेली असू शकते. बर्फ चोळत बसू नका, त्याच मिनिटाला डॉक्टरांकडे निघा. नजर कायमची जाऊ शकते. त्यासाठी हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर टोचून घेण्याआधीच विचारा, "हायल्युरोनिडेज इथं ठेवलंय का?"

मावशीचं वजन अजून उतरतंय, म्हणून डॉक्टरांनी तिला सध्या थांबवलंय. भाजी मात्र ती आता दुसरीकडून आणते.