टर्मिनलवर टेक्स्ट फाइली हाताळताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक दिसायला अगदी साधी असते. 'यादी' नावाच्या फाइलमधल्या ओळी सॉर्ट या कमांडने क्रमाने लावायच्या आणि निकाल त्याच फाइलमध्ये ठेवायचा म्हणून अनेकजण टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, लिहितात:

सॉर्ट यादी > यादी

एंटर दाबल्यावर कसलाही एरर येत नाही. फाइल उघडून बघावी तर शून्य बाइट! कारण > हे निकाल फाइलमध्ये वळवणारं चिन्ह सॉर्टचं नाही, शेलचं, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं आहे. शेल आधी ती फाइल लिहिण्यासाठी उघडतो, उघडतानाच रिकामी करतो आणि मग सॉर्ट सुरू करतो. सॉर्टला वाचायला काही उरलेलंच नसतं. गेलेला मजकूर कचरापेटीतही सापडत नाही. म्हणून निकाल वेगळ्या नावाने साठवा, डोळ्यांखालून घाला, मगच जुन्या फाइलच्या जागी ठेवा. सॉर्टला डॅश ओ (निकालाची फाइल सांगणारा पर्याय) देऊन तेच नाव लिहिलं तर चालतं, कारण तो आधी सगळं वाचून घेतो. बाकीच्या कमांडकडून ही अपेक्षा ठेवू नका. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये 'सेट डॅश ओ नोक्लॉबर' चालू केलंत, तर असलेल्या फाइलवर > चालवायला शेल नकार देतो. मी तर म्हणेन, नवशिक्यांनी ते पहिल्या दिवसापासून चालू ठेवावं.

पुन्हा आलेल्या ओळी गाळणारा युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळींतली एक ठेवून बाकीच्या काढतो, त्यामुळे आधी सॉर्ट हवंच. सॉर्टने आकडे लावताना डॅश एन (आकड्याच्या किमतीने लावणारा पर्याय) विसरलात, तर १० हा ९च्या आधी येतो.

सेड ही मजकूर बदलणारी कमांड; डॅश आय दिलं की ती बदल थेट फाइलमध्येच करते. सेड डॅश आय लिनक्सवर चालतं आणि मॅकवर अडतं, कारण तिथे बॅकअप फाइलच्या नावाला जोडायचं शेपूट मागितलं जातं. डॅश आयला चिकटूनच .बॅक असं शेपूट जोडा. दोन्हीकडे चालतं, शिवाय मूळ प्रत शाबूत राहते.

डोळ्यांना शब्द दिसतोय, पण ओळीच्या शेवटी तो शोधायला सांगितला की ग्रेपला, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या कमांडला, मिळत नाही? फाइल विंडोजवरून आली असेल. तिथे ओळ संपताना कॅरेज रिटर्न हे एक जादा, न दिसणारं चिन्ह असतं. लिनक्सवर कॅट डॅश व्ही चालवा; ते न दिसणारी चिन्हं दाखवतं. ओळींच्या शेवटी ^एम दिसलं की चोर सापडला. डॉसटूयुनिक्स या कमांडने तो काढता येतो.

मराठी मजकुरात आणखी एक खाच आहे. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. काना आणि वेलांटी वेगळी मोजून युनिकोडला (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीला) तो ५ चिन्हांचा दिसतो आणि यूटीएफ-८मध्ये, म्हणजे ती चिन्हं फाइलमध्ये साठवायच्या पद्धतीत, १५ बाइट घेतो. मोजणी करणारा डब्ल्यूसी डॅश सी दिल्यावर बाइट मोजतो, डॅश एम दिल्यावर चिन्हं. ओळींचे तुकडे करणारा कट, अनेक लिनक्स प्रणालींवर, डॅश सी देऊनसुद्धा बाइटच तोडतो आणि अक्षराचे तुकडे होतात. त्यापेक्षा डॅश एफ वापरून टॅब किंवा स्वल्पविरामावर तोडा. यूटीएफ-८मध्ये देवनागरी चिन्हाच्या पोटात या दोन्हींचा बाइट कधीच येत नाही.