नवीन महिला पोलीस अंमलदारांनो, नुसते जबाब लिहून तपास येत नाही

३० टक्के आरक्षणातून भरती झालात, ट्रेनिंग संपलं, पोलीस ठाण्यात हजर झालात. सुरुवातीला बारनिशी (टपालाची आवक-जावक), सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली), महिला बंदोबस्त वाट्याला येणारच. ते शिका, पण तिथे मुरू नका. एकदा संगणकावर हात बसला की ड्युटी लावणारा हजेरी मास्तर सहजासहजी सोडत नाही.

खरा सापळा कायद्याच्या आडून येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बलात्कार, विनयभंग, पाठलाग अशा गुन्ह्यांत पीडितेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच घ्यायची असते. तरतूद चांगलीच आहे. ठाण्यात मात्र तिचं काय होतं? रात्री फोन येतो, "मॅडम, जबाब घ्यायचाय, या." तुम्ही जबाब लिहिता, सही करता आणि सकाळी कागद दुसऱ्या तपासी अंमलदाराकडे जातात. पंचनामा, अटक, मुद्देमाल, दोषारोपपत्र, यातलं काहीच तुमच्या हातून होत नाही. काही वर्षांनी साक्षीचं समन्स मात्र तुम्हाला येतं. हवालदार झाल्यावर पहिला गुन्हा तपासाला मिळतो तेव्हा केस डायरीची, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदींची, सवयच नसते. मग "बायकांना तपास जमत नाही" म्हणायला सगळे मोकळे.

म्हणून जबाबाला बोलावलं की येण्या-जाण्याची वेळ स्टेशन डायरीत घ्यायला लावा. जबाब पीडितेच्याच शब्दांत लिहा. फिर्यादीला उशीर झाला असेल तर कारण त्याच जबाबात आलं पाहिजे; ते राहिलं की बचाव पक्षाचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात. खाडाखोड झाली तर तिथे सही हवी. आणि जबाब संपल्यावर घरी जाऊ नका, "घटनास्थळ पंचनाम्याला मीही येते" म्हणा. स्वतःच्या वहीत गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि पुढे काय झालं एवढं लिहा. पीडितेचं नाव कधीच नाही.

दोन-तीन महिने असं केल्यावर प्रभारी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या: अकस्मात मृत्यू आणि मिसिंगच्या (बेपत्ता व्यक्तींच्या) चौकशीत मदतनीस म्हणून घ्या. हात तिथेच तयार होतो. घाबरू नका, सुरुवातीला सगळ्यांचेच पंचनामे कच्चे असतात.

साहेबांची मर्जी सांभाळून मिळालेली सोयीची ड्युटी साहेबांच्या बदलीबरोबर जाते. गुरू करायचाच तर कोर्टात भरपूर साक्षी दिलेला जुना हवालदार करा.

महिलांच्या आठ तासांच्या ड्युटीचा आदेश २०२२ मध्ये राज्यभर निघाला. त्यावरून "आठ तासांत कसला तपास" असं ऐकवलं जाईल. जबाब, पंचनामे, पत्रव्यवहार वेळ ठरवून होतात, हे ठामपणे सांगा.

वरिष्ठाकडून लैंगिक त्रास झाला तर तोंडी सांगून वाट बघत बसू नका. अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तरच समिती आणखी तीन महिने वाढवते. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा मिळावी म्हणून समितीकडे लेखी विनंती करता येते. तक्रारीसोबतच ती विनंती जोडा आणि पोच घ्या.