लिहिलेला हिशोब आणि जुळलेला हिशोब

छोट्या व्यावसायिकांचे हिशोब तपासणं हे माझं रोजचं काम. वह्या बहुतेकांकडे असतात, पुष्कळदा नेटक्याही असतात. नसते ती जुळवणी. वहीत लिहिलेला आकडा बाहेरच्या कशाशी तरी ताडून पाहिल्याशिवाय त्याला हिशोब म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. गल्ल्यातली रोख, बँकेचा उतारा आणि समोरच्या पार्टीचं खातं या तीन ठिकाणी तो ताडायचा. बाकीचं सगळं या तीन कामांच्या तयारीसाठी.

सर्वांत आधी धंद्याचं बँक खातं घरखर्चापासून वेगळं करा. हे एक काम केलंत तरी निम्मा गुंता सुटतो. घरासाठी पैसे काढले की ती ‘उचल’, धंद्याचा खर्च नव्हे. अडचणीत स्वतःच्या खिशातून पैसे घातले तर ते भांडवल, विक्री नव्हे. या दोन नोंदी राहिल्या की नफ्याचा आकडा खोटा निघतो, आणि तोच धरून माणूस पुढच्या वर्षाचे बेत आखतो.

रोजकीर्द, म्हणजे दिवसाच्या व्यवहारांची वही, रोजच्या रोज लिहा. तारीख, कोणाला किंवा कोणाकडून, कशाबद्दल, रोख की बँकेतून, एवढं पुरे. कागदी पावत्यांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत पुसट होते आणि ऐन गरजेच्या वेळी हातात कोरा कागद राहतो.

संध्याकाळी गल्ला मोजताना एक पथ्य पाळा: आधी रोख मोजून आकडा लिहा, मग वही उघडा. वहीतली शिल्लक आधी पाहिली की मोजणारा हात नकळत त्या आकड्याकडे झुकतो. सकाळची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च, एवढी रोख हातात हवी. फरक आला आणि सापडला नाही, तर ‘रोख फरक’ म्हणून वेगळ्या खात्यावर त्याच दिवशी लिहा. तो किरकोळ खर्चात दडपू नका. वेगळा लिहिला तर महिन्याअखेरीस कळतं की फरक ठरावीक वारी येतोय, की एखादा खर्च नेहमीच लिहायचा राहतोय. आणि वहीत रोख शिल्लक उणे दिसली तर तिथेच थांबा. गल्ल्यात नसलेला पैसा कोणी देऊ शकत नाही. म्हणजे एखादी जमा नक्की राहिली आहे. बहुतेक वेळा ती मालकाने घातलेली रक्कम असते.

किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम बाजूला काढा, समजा 2,000. हातातली रोख आणि खर्चाची व्हाउचरं (चिठ्ठ्या) यांची बेरीज कधीही केली तरी 2,000 च यायला हवी. आठवड्याने जेवढा खर्च झाला तेवढीच भर घाला.

आता बँक जुळवणी. हिचा लोक सर्वांत जास्त कंटाळा करतात, पण इतकं बोलकं काम दुसरं नाही. समजा, तुमच्या वहीत बँकेची शिल्लक 52,150 आहे आणि उताऱ्यावर 48,300. घाबरायचं कारण नाही. उतारा आणि वही शेजारी ठेवून जुळणाऱ्या नोंदींवर खुणा करत जा. शेवटी बिनखुणेच्या तीन नोंदी उरल्या असं धरू. पुरवठादाराला दिलेला 3,200 चा चेक त्याने अजून भरलेला नाही. ग्राहकाचा 6,800 चा चेक तुम्ही भरलात, पण तो वटायचा आहे. बँकेने 250 शुल्क कापलं, ते तुमच्या वहीत नाही. 52,150 मध्ये 3,200 मिळवा, 6,800 वजा करा, 250 वजा करा: 48,300. जुळलं. पहिल्या दोन नोंदींना काही करावं लागत नाही, चार दिवसांत त्या आपोआप मिटतात. पण पुढच्या महिन्यातही तशाच लटकलेल्या दिसल्या तर फोन करून चौकशी करा. तिसरी मात्र वहीत आजच लिहायची, म्हणजे तुमची खरी शिल्लक 51,900.

कार्डाने किंवा ऑनलाइन आलेल्या पैशांत एक खाचखळगा आहे. विक्री 10,000 ची, पण मध्यस्थाने कमिशन कापून खात्यात 9,800 टाकले. बरेच जण विक्रीच 9,800 लिहून मोकळे होतात. विक्री 10,000 आणि कमिशन खर्च 200, अशी नोंद करा. नाहीतर विक्रीही कमी दिसते आणि वर्षभरात कमिशनपोटी किती गेलं हेही कधी कळत नाही.

उधारीची यादी नुसत्या नावांनी करू नका, वयाने करा: 30 दिवसांच्या आतली, 31 ते 60, 61 ते 90 आणि त्याहून जुनी. येणी जितकी जुनी, तितकी ती बुडण्याची भीती जास्त. महिन्यातून एकदा प्रत्येक मोठ्या ग्राहकाला त्याच्या खात्याचा उतारा पाठवून शिल्लक मान्य करून घ्या. ‘ते बिल मला मिळालंच नाही’ हे वाक्य वर्षाने ऐकण्यापेक्षा महिन्याने ऐकलेलं बरं. पुरवठादारांकडूनही त्यांचा उतारा मागवून आपल्या खात्याशी ताडा.

उधारीमुळेच ‘नफा आहे, मग पैसा कुठे गेला?’ हा प्रश्न पडतो. 45,000 चा माल रोखीने घेतला, 60,000 ला उधारीवर विकला. नफा 15,000, आणि हातातून गेले 45,000. दोन्ही आकडे खरे आहेत. पगार मात्र रोख शिल्लकीतूनच द्यावा लागतो.

प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत जातो, एका खात्याला नावे (डेबिट), दुसऱ्याला जमा (क्रेडिट). इथे ‘जमा’ म्हणजे आलेला पैसा नव्हे, खात्याची एक बाजू. रोखीने यंत्र घेतलं तर यंत्र खाते नावे, रोख खाते जमा. व्हेनिसचे व्यापारी वापरत असलेली ही पद्धत इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी 1494 मध्ये छापून मांडली, आणि आजची बहुतेक हिशोबाची सॉफ्टवेअरं आतून तेच करतात. सगळ्या खात्यांच्या शिल्लका मांडून नावे आणि जमा बाजूंची बेरीज सारखी येते का हे पाहायचा तक्ता म्हणजे तेरीज. हाताने लिहिणाऱ्यांची ती जुळली नाही, तर फरकाला आधी 2 ने भागा. तेवढ्या रकमेची नोंद सापडली, तर ती चुकीच्या बाजूला पडलेली असू शकते. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल शोधा: 540 च्या जागी 450 लिहिलं की फरक 90 येतो. आणि तेरीज जुळली म्हणून निश्चिंत होऊ नका. भाडं दुरुस्ती खात्यावर टाकलं तरी ती जुळतेच. सॉफ्टवेअर बेरीज चुकत नाही, पण बिल कशाचं हे त्याला तुम्हीच सांगायचं असतं. ‘इतर खर्च’ हे खातं फुगू लागलं की उघडून पाहा आणि त्यातल्या रकमा योग्य खात्यांवर न्या.

ग्राहकाकडून विक्रीसोबत घेतलेला कर तुमचा नसतो. भरायची वेळ येईपर्यंत तो वेगळ्या खात्यात ठेवा. घसारा (यंत्रासारख्या वस्तूंची वापराने घटणारी किंमत) आणि कराचे दर दर ठिकाणच्या कायद्याप्रमाणे असतात, ते हिशोबनिसाला विचारा. पण त्याच्याकडे जुळवलेली वही घेऊन जा, म्हणजे त्याचा वेळ बेरजा शोधण्यात न जाता तुम्हाला सल्ला देण्यात जाईल.

तिन्ही जुळवण्या झाल्या की महिना बंद करा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. बंद केलेल्या महिन्यात नंतर चूक सापडली तर खाडाखोड करू नका. चालू महिन्यात उलट नोंद घाला, शेजारी कारण लिहा आणि खाली आपली सही करा.