ट्रकचा सायलेन्सर बदलायचाय, आवाज कमी हवा आणि इंजिनला श्वासही मोकळा हवा, तर हे वाचा

पहिल्यांदा एक गैरसमज बाजूला ठेवू. मोकळा सायलेन्सर म्हणजे आवाज मोठा आणि शांत सायलेन्सर म्हणजे इंजिन गुदमरलेलं, असं बरेच जण धरून चालतात, पण तसं काही नाहीये. दोन्ही एकत्र मिळू शकतं, फक्त त्यासाठी जागा लागते, म्हणजे डबा मोठा लागतो. आणि ट्रकखाली जागा भरपूर असते, छोट्या कारपेक्षा तर कितीतरी जास्त.

कंपनी फिटिंगच्या बऱ्याच सायलेन्सरमध्ये आत कप्पे असतात, धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात वळत वळत जातो, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून एकमेकांना मारतात. आवाज छान दबतो पण प्रत्येक वळणावर धुराला अडथळा होतो. दुसरा प्रकार सरळ नळीचा. मधून भोकं पाडलेली सरळ नळी जाते, तिच्याभोवती काचेच्या तंतूंचं किंवा बेसाल्टच्या लोकरीचं भरण असतं. धूर सरळ निघून जातो आणि आवाज भोकांतून भरणात शिरतो, तिथे तंतूंशी घासून त्याची उष्णता होते. तिसरा प्रकार ज्याला टर्बो स्टाइल म्हणतात, त्यात धूर एस आकारात फिरतो, तो या दोघांच्या मधला. (नाव टर्बो असलं तरी तुमच्या गाडीला टर्बो असायलाच पाहिजे असं नाही.)

माझं मत स्पष्ट आहे, शांत आणि मोकळा हवा असेल तर सरळ नळीचा घ्या पण डबा बसेल तेवढा लांब आणि जाड घ्या. आखूड, बंदुकीच्या गोळीसारखा दिसणारा घेऊ नका. मी पहिल्यांदा तोच घेतला होता, दिसायला मस्त, बसवायला सोपा, आणि गाडी एका स्पीडला धरली की केबिनमध्ये अशी घोंऽऽ सुरू व्हायची की तासाभरात डोकं धरायचं. कारण भरण पातळ असलं की ते बारीक, तीक्ष्ण आवाज खातं पण जाडा, खालचा आवाज तसाच सोडतं.

ही घोंघों नक्की कुठून येते ते समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा फायर होतो, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात 4 वेळा. 2000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 2000 फेरे असताना, हे झाले सेकंदाला साधारण 133 ठोके, म्हणजे 133 हर्ट्झ. चार सिलिंडरला त्याच आरपीएमला निम्मे, 67 च्या आसपास. हा आवाज केबिनच्या पत्र्याशी किंवा आतल्या हवेशी जुळला की सगळी केबिन घुमायला लागते.

खरेदीच्या आधी अजून एक बघा, अडथळा खरंच सायलेन्सरमध्येच आहे का. पेट्रोल इंजिन असेल तर इंजिनच्या बाजूचा पहिला ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावता येतो. 2500 आरपीएमला 3 पीएसआयच्या वर काटा गेला तर कुठेतरी चोंदलंय, आणि बऱ्याचदा तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) निघतो, मग सायलेन्सर बदलून काही होणार नाही. आणि हो, कन्व्हर्टर किंवा डिझेलचा डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) काढून टाकायचा विचारसुद्धा करू नका, आपण फक्त त्यांच्या मागचं काम करतोय. नुसत्या सायलेन्सरने ताकद थोडीशीच वाढते तेही वरच्या आरपीएमला, त्यामुळे अपेक्षा तेवढीच ठेवा.

माप घेताना गोंधळ इथे होतो की पाईप बाहेरून मोजतात आणि सायलेन्सरचं तोंड आतून. तुमचा पाईप बाहेरून 3 इंच असेल तर तोंड आतून 3 इंचाचं हवं, म्हणजे पाईप त्यात सरकून बसतो. कॅलिपरने मोजा, अंदाजाने नको. आणि उगाच दोन साइझ मोठा पाईप लावू नका, धुराचा वेग पडतो, आवाज मात्र वाढतो. तोंडं मध्यात आहेत की एका बाजूला तेही जुन्याशी जुळवून बघा. मटेरियलमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेलं स्टील चालतं, पण पाणी-चिखल-मीठ लागणार असेल तर स्टेनलेसच घ्या, 304 ग्रेडचं जास्त टिकतं, 409 ग्रेडवर वरवर गंज दिसतो पण तेही बरीच वर्षं जातं.

आता काम. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत मारा. एक्झॉस्ट पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही. सपाट फरशीवर गाडी, हँडब्रेक, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच, कधीच शिरायचं नाही, स्टँड पाहिजेतच. शक्यतो स्टँड मागच्या अ‍ॅक्सलखाली लावा किंवा गाडी रॅम्पवर चढवा. फ्रेमखाली लावले तर अ‍ॅक्सल खाली लोंबतो, पाईप आणि अ‍ॅक्सलमध्ये भरपूर जागा दिसते, आणि मग माल भरून पहिल्या खड्ड्यात गेलात की धाडकन आपटतो.

चष्मा घाला, वरून गंजाचे पापुद्रे पडतात. हँगरचे (पाईप टांगून ठेवणाऱ्या हुकांचे) रबर साबणाच्या पाण्याने ओले केले की सरकतात, कापायची गरज नाही. जुना सायलेन्सर खालून दुसऱ्या जॅकने किंवा माणसाने धरलेला हवा, चांगलाच जड असतो. फ्लँज (बोल्टने आवळलेल्या चकत्यांचा जोड) असेल तर बोल्ट खोलून मोकळं, वेल्ड असेल तर कापावं लागेल. कापायच्या आधी नवीन सायलेन्सर जुन्याशेजारी जमिनीवर ठेवा, तोंडात पाईप दीड ते दोन इंच आत जाणार आहे ते धरून खूण करा आणि पहिला काप खुणेच्या थोडा पलीकडे घ्या. जास्त राहिलेला पाईप परत कापता येतो, कमी पडलेला जोडत बसावं लागतं. ग्राइंडरच्या ठिणग्या इंधनाच्या लाईनकडे जाणार नाहीत असं बघा, कापलेली धार कानशीने साफ करा.

बसवताना डब्यावर बाण असेल तर तो धुराच्या दिशेने, पाणी निघायचं बारीक भोक असेल तर ते खाली. सगळे जोड आधी सैल ठेवा. इंधन आणि ब्रेकच्या लाईन, वायरिंग, शॉकअप, स्पेअर चाक यांच्यापासून किमान दोन इंच अंतर ठेवा, मग पुढून मागे एकेक जोड घट्ट करत या. क्लँप पट्टीचे घ्या. यू-बोल्टवाले पाईप चिमटून टाकतात आणि पुढच्या वेळी तो जोड सुटता सुटत नाही. वेल्ड करणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टेलपाईप गाडीच्या बॉडीच्या बाहेर निघालाच पाहिजे, बॉडीखाली संपवला तर कार्बन मोनॉक्साईड केबिनमध्ये येऊ शकतो आणि त्याला वास नसतो.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा गाडी उघड्यावर हवी. थोडा धूर आणि वास येईल, ते तेल आणि हाताचे डाग जळतात, घाबरू नका. थंड असतानाच जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले तर गळतंय. टकटक आवाज आला तरी बहुतेक गळतीच असते. खडखड येत असेल तर कुठेतरी पत्र्याला लागतंय, एक माणूस आत बसवून आरपीएम वरखाली करायला लावा आणि बाहेरून, हात लांब ठेवून, बघा. शे-दीडशे किलोमीटर झाले की थंड करून सगळे क्लँप परत आवळा, तापून-थंडावून ते सैल पडतातच.

एवढं करूनही ठरावीक स्पीडला घुमत राहिलं तर सायलेन्सर बदलत बसू नका. पाईपला एक बंद टोकाची शाखा वेल्ड करून घ्या. तिची लांबी म्हणजे आवाजाच्या लाटेचा चौथा हिस्सा, त्यामुळे आत जाऊन परत आलेली लाट उलटी होऊन मूळ आवाजाला मारते. 300 अंशांच्या आसपास तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला 480 मीटरच्या जवळ असतो, तर 133 हर्ट्झसाठी 480 ला 133 च्या चौपटीने भागा, म्हणजे साधारण 90 सेंटीमीटर. कुठल्या आरपीएमला घुमतं ते आधी रस्त्यावर नीट लिहून आणा, त्या आकड्यावरून लांबी काढा आणि टोकाला थोडा सरकणारा तुकडा ठेवा म्हणजे दोन-चार सेंटीमीटर मागेपुढे करून बरोबर जागा सापडेपर्यंत बघता येतं, सापडली की मगच कायमचं वेल्ड.