ॲस्ट्रो बॉयची जुनी कॅसेट: घेताना, साफ करताना, खेळताना

'ॲस्ट्रो बॉय: ओमेगा फॅक्टर' हा निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या मशीनवरचा गेम जपानमध्ये डिसेंबर २००३ मध्ये आला, अमेरिकेत ऑगस्ट २००४ मध्ये. ट्रेझर आणि हिटमेकर या कंपन्यांनी तो बनवला, सेगाने बाजारात आणला. २००३ च्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेवर तो बेतलेला असला तरी ॲस्ट्रो या रोबो-मुलाचे जनक, जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांच्या इतर कथांमधली पात्रंही त्यात भेटतात. आज मिळते ती वापरलेली कॅसेट, आणि नकली कॅसेटी भरपूर फिरतात. पुढच्या गोष्टी 'ड्रॅगन बॉल: ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचर'सारख्या त्याच काळातल्या इतर साइड-स्क्रोलर (पडदा आडवा सरकत जातो अशा) गेमनाही लागू पडतात.

अस्सल की नकली

विकणाऱ्याकडे तीन फोटो मागा: लेबलचा, मागच्या बाजूचा आणि खालून पिना दिसतील असा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. अस्सल कॅसेटमध्ये सोनेरी पिनांच्या वर, बोर्डवर बारीक अक्षरात 'निन्टेन्डो' छापलेलं असतं आणि ते कॅसेट न उघडताही दिसतं. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडून द्या.

कॅसेट हातात आली की लेबल उजेडात तिरकं धरा. अस्सल लेबलमध्ये दोन आकडे (कधी सोबत एक अक्षर) दाबून उमटवलेले असतात. शाई नसते, नुसता ठसा असतो, त्यामुळे समोरून पाहिलं तर निसटतो. लेबलवरचा कोड 'एजीबी'ने सुरू होतो, मग चार अक्षरं येतात. त्यातलं शेवटचं अक्षर प्रदेश सांगतं: ई म्हणजे अमेरिका, पी म्हणजे युरोप, जे म्हणजे जपान. छपाई फिकट असेल, 'गेम बॉय ॲडव्हान्स' ही उठावाची अक्षरं बोथट असतील तर शंका घ्या. आत चिपऐवजी काळ्या राळेचा गोळा असेल तर बहुधा नकलीच.

जपानी कॅसेट घ्यावी का? गेम बॉय ॲडव्हान्सला प्रदेशाचं कुलूप नाही, कुठलीही कॅसेट कुठल्याही मशीनवर चालते. ड्रॅगन बॉलचा गेम जपानी न वाचताही निभतो, कारण समोर येईल त्याला बदडायचं असतं. ओमेगा फॅक्टरचं तसं नाही. दुसऱ्या भागात कुठे जायचं ते संवादांतून कळतं, म्हणून जपानी येत नसेल तर इंग्रजी आवृत्तीच घ्या.

कोणत्या मशीनवर

२००१ च्या मूळ गेम बॉय ॲडव्हान्सला स्क्रीनमागे दिवा नाही. वेगाने सरकणाऱ्या गेममध्ये छोट्या गोळ्या दिसतच नाहीत; खिडकीशी बसलात तरच मजा. गेम बॉय ॲडव्हान्स एसपी, म्हणजे त्याचं घडी होणारं मॉडेल, घेणार असाल तर दोन प्रकार ओळखायला शिका. स्क्रीनखालचं उजेडाचं बटण दाबल्यावर दिवा पूर्ण विझत असेल तर ते ००१ मॉडेल, त्यात उजेड समोरून पडतो आणि रंग धुरकट दिसतात. बटण दाबल्यावर उजेड फक्त कमी-जास्त होत असेल तर ते १०१, मागून प्रकाश असलेलं. १०१ ला जास्त पैसे मोजणं पटण्यासारखं आहे. एसपीला हेडफोनचं साधं भोक नाही, अडॅप्टर लागतो.

निन्टेन्डोच्याच डीएस आणि डीएस लाइट या मशीनमध्येही ही कॅसेट खालच्या खाचेत बसते. चित्र मूळ २४० बाय १६० पिक्सेलमध्येच येतं, भोवती काळी चौकट राहते. मात्र दोन मशीन जोडणारी लिंक केबल त्यांना जोडता येत नाही, म्हणजे ड्रॅगन बॉलमधली दोघांची झुंज डीएसवर विसरा. डीएसआयला ही खाचच नाही.

मूळ मशीनला दोन एए सेल लागतात. अल्कलाइन सेलवर साधारण १५ तास निघतात. रिमोटसाठी घेतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल लवकर बसतात आणि गळायची भीती जास्त. मशीनवरचा छोटा दिवा हिरव्याचा लाल झाला की पुढची लेव्हल सुरू करू नका.

कॅसेट लागत नसेल तर

'गेम बॉय' ही अक्षरं आली पण खाली 'निन्टेन्डो' उमटलं नाही आणि सगळं तिथेच अडकलं, किंवा पांढरा पडदा आला, किंवा मध्येच चित्र फाटलं, तर कॅसेट मेली असं लगेच ठरवू नका. बहुतेक वेळा पिनांवर मळ किंवा ऑक्साइडचा थर असतो. फुंकर मारण्याची सवय आपल्याकडे पिढीजात आहे, पण ती सोडा. फुंकरीनंतर गेम लागतो तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. थुंकीचा ओलावा मात्र पिनांवर राहतो आणि गंज वाढवतो.

लागेल ते एवढंच: ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ असेल तर उत्तम), चार-पाच इअरबड आणि तीन पात्यांचा छोटा स्क्रूड्रायव्हर, ज्याला ट्राय-विंग म्हणतात. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांत हे सगळं मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत काम होतं. जखमेवर लावायचं ७० टक्क्यांचं अल्कोहोल टाळा, त्यात पाणी जास्त असतं आणि सुकायला वेळ लागतो. डब्लूडी-४० तर नकोच, त्याचा तेलकट थर धूळ धरून ठेवतो.

१. मशीन बंद करा, कॅसेट बाहेर काढा.

२. इअरबड अल्कोहोलमध्ये बुडवून कडेला निथळून घ्या. ओला हवा, ठिबकता नको.

३. पिनांच्या लांबीच्या दिशेने, आतून बाहेर, असा फिरवा. आडवा फिरवला तर मळ दोन पिनांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो आणि कापसाचे तंतूही अडकतात.

४. बड काळा झाला की नवा घ्या. बड पांढरा निघेपर्यंत हे चालू ठेवा.

५. कोरड्या बडने पुसा, दहा मिनिटं सुकू द्या, मग लावून पाहा.

एवढ्याने भागलं नाही तर मागचा एकच स्क्रू काढून कॅसेट उघडा. स्क्रू घट्ट असेल तर बळ वरून खाली दाबण्यात लावा, फिरवण्यात कमी. नाहीतर डोकं झिजतं आणि मग तो कशानेच निघत नाही. पेनाची नळी वितळवून स्क्रूत घालण्याचा जुगाड सांगितला जातो, पण एवढ्याशा स्क्रूपुढे प्लास्टिक टिकत नाही. बोर्ड बाहेर आला की पिना पूर्ण लांबीने साफ करता येतात. हट्टी डागांवर पांढरं, मऊ पेन्सिल खोडरबर एक-दोनदा हलकेच चालवा आणि कीस अल्कोहोलने पुसून टाका. शाईचं खरखरीत खोडरबर किंवा पॉलिश पेपर वापरला तर सोन्याचा मुलामा जातो, खालचं तांबं उघडं पडतं आणि दुखणं दर पावसाळ्यात परत येतं.

एकच कॅसेट अडत असेल तर दोष कॅसेटचा, सगळ्याच अडत असतील तर मशीनच्या खाचेचा. खाचेसाठी नुकतीच साफ केलेली कॅसेट किंचित ओलसर असताना, मशीन बंद ठेवून पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, मग दोन्ही पूर्ण सुकू द्या. खाचेत पिन घालून खरवडू नका. वाकलेला स्प्रिंग सरळ होत नाही.

सेव्ह जातो तेव्हा

गेम बॉय ॲडव्हान्सच्या बहुतेक कॅसेटी सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) अशा चिपमध्ये ठेवतात जिला बॅटरी लागत नाही. बॅटरी असलेल्याही काही आहेत. पोकेमॉन रुबी-सॅफायरमध्ये सेल असतो तो घड्याळासाठी. तो संपला तरी खेळ शाबूत राहतो. नकली कॅसेटींमध्ये मात्र सेव्ह बॅटरीच्या भरवशावर असतो किंवा नीट जोडलेलाच नसतो.

म्हणून घेतल्याबरोबर परीक्षा घ्या. पहिली लेव्हल संपवून सेव्ह करा, मशीन बंद करा, कॅसेट बाहेर काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी पाहा. लगेच बंद-चालू करून बघण्यात अर्थ नाही, नकली कॅसेटही तेवढं पार पाडते. परत करण्याची मुदत असेल तर त्याआधीच हे उरका.

कोकणपट्टीच्या दमट हवेत कॅसेटी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

ओमेगा फॅक्टर खेळताना

गेम दोन भागांत आहे: 'बर्थ' आणि 'रिबर्थ'. पहिला भाग सरळ पुढे नेतो आणि संपल्यासारखा वाटतो. तिथे थांबू नका, अर्धा गेम पुढेच आहे. दुसऱ्या भागात जुन्या जागांवर हव्या त्या क्रमाने परतावं लागतं आणि एका ठिकाणी कळलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणचा रस्ता उघडते. अडलात तर शेवटचे संवाद आठवा. कोणाचं नाव, कुठली जागा आली होती ते कागदावर टिपून ठेवलेलं बरं.

नवं पात्र भेटलं की ॲस्ट्रोची एक शक्ती वाढवता येते: लाइफ, पंच, लेझर, शॉट, जेट किंवा सेन्सर. नवखे सगळं पंचमध्ये ओततात. आधी लाइफ आणि जेटकडे बघा, कारण हवेतल्या हवेत जागा बदलता आली की बॉसचे (लेव्हलअखेरच्या बलाढ्य शत्रूचे) बरेच वार चुकवता येतात. सेन्सरही उपाशी ठेवू नका. काही पात्रं लपलेली असतात, सेन्सर वाढला की ती सापडणं सोपं जातं, आणि पात्र सापडलं की पुन्हा शक्ती मिळते. खास हल्ले मोजके असतात, ते किरकोळ रोबोंवर उधळू नका.

पडद्यावर शत्रूंची गर्दी झाली की गेम मंदावतो. हा गेमचाच गुण आहे, अस्सल कॅसेटवरही तसंच होतं. त्यासाठी पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका.